इंजिनला बलिदान कधी पटतं?

प्रश्न : १९६० च्या बुद्धिबळ विश्वविजेतेपद सामन्यातल्या सहाव्या डावात ताल यांनी २१व्या चालीला एफ४ वर घोडा दिला आणि डाव जिंकला. इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) मात्र म्हणतं, २५व्या चालीला बॉटविनिक यांनी उंटाने एफ३ चं प्यादं घेतलं असतं तर पांढरं (म्हणजे बॉटविनिक) वरचढ होतं. मग बलिदान चुकीचं का? आणि कोणाची बाजू किती वरचढ हे सांगणारा इंजिनचा आकडा सारखा का बदलतो?

उत्तर : इंजिनचा आकडा समोरचा एकही चूक करणार नाही असं धरून येतो. स्टॉकफिश या इंजिनच्या १५.१ आवृत्तीपासून +१.०० चा अर्थ, इंजिन विरुद्ध इंजिन डावात जिंकण्याची शक्यता सुमारे ५० टक्के. बचाव शोधणं माणसाला किती जड जाईल, हे त्यात मोजलेलंच नसतं. बॉटविनिक यांनी हत्तीने वजीर मारला. दिसायला तीच सरळ चाल होती.

आता आकडा का हलतो ते. शह आणि मारामारी इंजिन जास्त खोल तपासतं, म्हणून एच७ वर उंट देऊन लगेच घोडा-वजीर धावून येणारा हल्ला त्याला बहुधा चटकन दिसतो. अडतं ते बलिदानानंतर शांत (शह किंवा मारामारी नसलेली) चाल लागते तेव्हा, उदा. हत्ती तिसऱ्या ओळीत आणणं. तपासायच्या चालींच्या यादीत मागे पडलेल्या शांत चाली इंजिन कमी खोल तपासतं. शिवाय छाटणीची एक युक्ती आड येते : मोहरा जास्त असलेल्या बचावकर्त्याने एक पाळी सोडली तरी तो सुस्थितीत राहतो का, हे इंजिन उथळपणे पाहतं आणि राहत असेल तर पुढच्या चालींची ती फांदीच सोडून देतं. धमकी त्या खोलीपलीकडची (खोली म्हणजे इंजिन किती चाली पुढे पाहतं ते) असली की हल्ला गायब! खोली वाढली की तो परत दिसतो आणि हल्ला करणाऱ्यासाठी –२ चा आकडा एकदम शून्यावर येतो.

म्हणून खोली २० ला थांबून निकाल देऊ नका. हॅश मेमरी (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची जागा) मुळात १६ एमबी असते, ती संगणकावर ५१२ किंवा १०२४ करा. बलिदानानंतरची शांत चाल स्वतः पटावर खेळा, इंजिनला विचार करू द्या, मग एकेक चाल मागे या; सापडलेलं त्याच्या हॅशमध्ये बरंचसं शिल्लक असतं. त्यानंतर बचावकर्त्याच्या पाळीला एकाच वेळी चार ओळी (चालींचे क्रम) दाखवायला सांगा. एकच चाल तगत असेल आणि बाकीच्या दोन-दोन गुणांनी कोसळत असतील, तर खेळायला बलिदान चांगलंच. तीन-चार तगत असतील तर नाद सोडा. आणि ०.०० दिसला की ओळ वाचाच : तो बहुतेकदा हल्ला करणाऱ्याचा अखंड शह असतो, म्हणजे फसलात तरी बरोबरी हातात.

प्रश्न : अशा डावांसाठी लीला हे दुसरं इंजिन जास्त बरं का?

उत्तर : जोडीला जरूर ठेवा. ती एका आकड्याऐवजी जिंकणं-बरोबरी-हरणं अशी विभागणी दाखवू शकते, त्यामुळे गोंधळाचा पट आणि निवांत बरोबरीचा पट वेगळे कळतात. पण कुठल्या चालीकडे आधी वळायचं हे तिचं जाळं (न्यूरल नेटवर्क) ठरवतं, आणि त्यामुळे विचित्र बलिदान फारच कमी वेळा तपासलं जातं. तिने सुचवलं नाही म्हणून बलिदान खोटं ठरत नाही. ती चाल पटावर करून मगच विचारा. चांगल्या ग्राफिक्स कार्डाशिवाय मात्र ती फार हळू चालते.