एका ओळीसाठी

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. मध्ये रिक्षाचा आवाज आहे, त्यामुळे चॅनलच्या बाई नक्की काय म्हणाल्या ते परत मागे जाऊन ऐकावं लागलं. "सीन मस्त आहे, फक्त ती कपाची ओळ काढू या." आजी कामाच्या मावशींना वेगळ्या कपात चहा देते आणि नातू विचारतो, "मावशींना सर्दी झालीय का?" एवढीच ती ओळ. भाषण नाही, शिवी नाही, जातीचा उल्लेखसुद्धा नाही. आणि बाई म्हणतात, विषय नाजूक आहे. म्हणजे त्यांना ओळ बरोब्बर कळली!

तुझा प्रश्न असा की ही ओळ सोडून द्यावी आणि भांडायची ताकद पुढे मोठ्या लढाईसाठी राखून ठेवावी का. तुझ्या मित्राचा सल्लाही तोच: स्वतःचा शो आला की कर काय करायचं ते. हा सल्ला मी या धंद्यात आल्यापासून ऐकतोय. देणारे भले लोक असतात. त्यांच्यातल्या पुष्कळांचे स्वतःचे शो आलेही. बघ ते शो एकदा, आणि कपाची ओळ सापडली तर मला कळव.

मोठी लढाई येत नाही गं. रोज सकाळी एक ओळ येते, "एवढी काढून टाका" म्हणत. ओळीसाठीच भांडायचं असतं.

अमेरिकन टीव्हीवरचा लेखक-निर्माता नॉर्मन लिअर, त्याचं नाव तू नुसतं ऐकलंयस म्हणालीस. आता नीट ऐक. हा माणूस १९२२ साली न्यू हेवनमध्ये ज्यू घरात जन्मला. नऊ वर्षांचा असताना वडील खोट्या रोख्यांच्या भानगडीत तुरुंगात गेले. महायुद्धात बॉम्बर विमानातून ५२ मोहिमा केल्या, परत येऊन फर्निचर विकलं आणि मग डीन मार्टिन–जेरी लुईस या विनोदी नटांच्या जोडीसाठी स्किटं लिहिली. त्याची मालिका 'ऑल इन द फॅमिली' पडद्यावर आली तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. त्याआधी एबीसी या चॅनलने त्याच मालिकेचे दोन पायलट, म्हणजे नमुन्याचे भाग, करून घेऊन दोन्ही नाकारले होते. शेवटी सीबीएस या दुसऱ्या चॅनलने ती घेतली. तुला या वयात उशीर झाल्यासारखं वाटतंय, त्यावर मी काहीही बोलणार नाही.

तर, १२ जानेवारी १९७१. पहिला भाग. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला आर्ची बंकर नावाचा कामगार, काळे, ज्यू, पोर्तो रिकन अशा सगळ्यांवर तोंडसुख घेणारा. प्रेक्षक खवळतील म्हणून सीबीएसने मालिकेआधी खुलाशाची पाटी लावली आणि तक्रारींसाठी टेलिफोनवर जादा माणसं बसवली. आणि चॅनलला काय खटकलं माहीत आहे? त्या शिव्या नव्हेत. रविवारी सकाळी सासू-सासरे चर्चला गेलेत, लेक-जावई जिना चढायच्या बेतात आहेत, एवढ्यात म्हातारा-म्हातारी लवकर परततात. आर्ची एवढंच म्हणतो की रविवारी सकाळी अकरा वाजता! ती ओळ काढा म्हणाले. लिअर म्हणाला, ओळ गेली तर मीही जातो. मग त्यांनी मधला मार्ग काढला, आधी दुसरा भाग दाखवू. लिअर त्यालाही नाही म्हणाला. ओळ गेली प्रसारणात. सुरुवातीला फारसं कुणी पाहिलं नाही, फोनही अपेक्षेपेक्षा कमीच आले, आणि पुढच्या सीझनपासून सलग पाच वर्षं ती मालिका अमेरिकेत पहिल्या नंबरवर राहिली.

ओळीत ग्रेट काही नव्हतं. तुझी ओळ त्याहून चांगली आहे. पण लिअरचा हिशोब साफ होता: आज या फुटकळ गोष्टीवर मान तुकवली की उद्यापासून प्रत्येक फुटकळ गोष्टीवर तुकवावी लागणार. समोरच्याला तुझी किंमत पहिल्याच आठवड्यात कळते.

लगेच म्हणशील, तो निर्माता होता, कंपनी त्याची होती, शिवाय हातात युनायटेड आर्टिस्ट्स या सिनेमा कंपनीची तीन सिनेमांची ऑफर होती, मी एपिसोडमागे पैसे घेणारी संवादलेखक. खरं आहे. म्हणून तर सांगतो, हातात दुसरं काम ठेव. डबिंगचं, जाहिरातीचं, अनुवादाचं, कसलंही. इतक्यात गोरेगावात फ्लॅट बुक करू नकोस. ज्याच्या डोक्यावर हप्ता असतो त्याला प्रत्येक ओळ फुटकळ वाटायला लागते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. स्क्रीनरायटर्स असोसिएशनची सभासद हो, करार सही करण्याआधी त्यांच्याकडून तपासून घे. १९७५ साली अमेरिकेत संध्याकाळचा एक तास 'कौटुंबिक' म्हणून सोवळा ठरवला गेला आणि 'ऑल इन द फॅमिली'ची वेळ हलवावी लागली, तेव्हा लिअर लेखकसंघटनेबरोबर कोर्टात गेला. पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी निकाल लेखकांच्या बाजूने दिला. एकट्याचा हट्ट लोक विक्षिप्तपणा म्हणून सोडून देतात. संघटनेच्या हट्टाला उत्तर द्यावं लागतं.

माझ्याबद्दल इंडस्ट्रीत काय बोलतात ते तुझ्या कानावर आलंच असेल. "सर चांगले आहेत, पण अडून बसतात." एका चॅनलच्या मीटिंगमध्ये मी एका विधवेच्या टिकलीसाठी अडून बसलो आणि पुढची बरीच वर्षं त्या इमारतीतून मला फोन आला नाही. माझ्याबरोबरची माणसं आज तीन-तीन मालिकांची वनलाइन, म्हणजे कथेची नुसती रूपरेषा, देतात, गाडीत बसून संवाद सांगतात, खाली मुलं टाइप करतात. मला त्याचा हेवा वाटत नाही. (वाटतो. थोडा. ईएमआयच्या तारखेला बायकोला जास्त वाटायचा.) पण माझ्या नावावर जे थोडे भाग आहेत ते मी आजही कुणासमोरही लावू शकतो, मान खाली न घालता. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाहीये. बरं, सांगतोय.

दुसरा तुझा प्रश्न, विनोदाने कुणी बदलतं का. मला हा प्रश्न वैताग आणतो, पण उत्तर देतो. १९७४ साली विडमार आणि रोकीच या अभ्यासकांनी आर्चीच्या प्रेक्षकांची पाहणी केली. मनात पूर्वग्रह असलेल्यांना आर्चीच आवडत होता, तोच बरोबर वाटत होता. म्हणजे लिअर ज्याच्यावर हसवत होता, त्याच्याच बाजूने कित्येक लोक टाळ्या वाजवत होते. मला विचारशील तर दोष लिअरच्या लिखाणाचा नाही. त्याने आर्चीला माणूस केलं. बायकोला गप्प करायचे त्याचे शब्दसुद्धा लिअरच्या स्वतःच्या बापाचे होते. घरातला माणूस लिहिला की काही प्रेक्षक त्याच्या मांडीवर जाऊन बसणारच. पुठ्ठ्याचा खलनायक लिहिला असता तर कुणीच काही पाहिलं नसतं. तुझी आजीसुद्धा गोड आहे, म्हणून तर कप टोचतो. तिला दुष्ट करून दाखव, चॅनल ओळ लगेच पास करेल!

आणि कोण बदललं याचा हिशोब ठेवणं आपलं काम नाही. तिकडे १९७१ च्या मे महिन्यात खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन व्हाइट हाउसमध्ये बसून या मालिकेतल्या समलिंगी पात्रावर चिडचिड करत होते, ते टेपवर आहे. पुढच्या वर्षी 'मॉड' या लिअरच्याच दुसऱ्या मालिकेत, दोन भागांत, ४७ वर्षांची नायिका गर्भपाताचा निर्णय घेते. गर्भपाताला हक्क मानणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर दोन महिन्यांनी आला. ते दोन भाग पुन्हा दाखवायची वेळ आली तेव्हा डझनावारी स्थानिक केंद्रांनी नकार दिला, जाहिरातदार पळाले. भाग तरीही दाखवले गेले. तुझ्या एका कपाने कुणी पळणार नाही.

आता एक गोष्ट मला अडचणीची आहे, पण तुझ्यापासून लपवणार नाही. 'गुड टाइम्स' ही लिअरचीच, शिकागोतल्या काळ्या कुटुंबाची मालिका. त्यातली आई झालेली नटी एस्थर रोल हिने आधीच ठणकावलं होतं की घरात बाप हवा, बापाशिवायचं काळं कुटुंब मी करणार नाही. बाप आला, नट जॉन एमॉस. पुढे थोरल्या मुलाचा, जेजेचा, विदूषक होत गेला, कारण हशा तिथे होता. दोघांनी विरोध केला. एमॉसला १९७६ साली काढून टाकलं, पात्र अपघातात मारलं. रोलही नंतर काही काळ मालिका सोडून गेली. ती दोघं ओळीसाठीच भांडत होती, लिअर सीबीएसशी भांडला तशी. फक्त टेबलाच्या पलीकडे या वेळी लिअर होता. इथे मी त्याच्या बाजूने नाही. उद्या तू हेड रायटर होशील आणि एखादी नटी म्हणेल, "मॅडम, ही ओळ माझ्या आईसारखी बाई बोलणार नाही." तेव्हा टीआरपीचा कागद पुढे करू नकोस.

सोमवारच्या मीटिंगचं सांगतो. आवाज चढवू नकोस. ओळ कुठल्या नियमात बसत नाही ते मेलवर लिहून द्या, म्हणावं. बहुतेकदा ते लिहिलं जात नाही. चॅनलच्या बाईंना शत्रू समजू नकोस, त्या त्यांच्या वरच्याला घाबरतात. वरच्याला सांगता येईल असं एक वाक्य त्यांना दे: सीनमधला सगळ्यात मोठा हशा इथे आहे, वाचनात तंत्रज्ञही हसले. ते खरं असलं पाहिजे, म्हणून आधी युनिटसमोर वाचून घे. कप बदलून ताटली करू का, असं त्या विचारतील. नाही म्हण. नातू म्हणण्याऐवजी पाहुणी म्हणेल का? नाही. ओळ पोराचीच आहे. तरी काढलीच तर एपिसोडवरचं तुझं नाव काढायला सांग, आणि तेही मेलवरच.

आणि हो, त्याच सीनमध्ये नवऱ्याच्या घोरण्यावर लागोपाठ तीन विनोद आहेत. एकावरही हसू येत नाही. भांडायला जायच्या आधी ते तू स्वतःच काप, नाहीतर बाई त्यांच्यापासून सुरुवात करतील आणि त्यांचं बरोबर असेल.

तुझा,
सर