सिकलसेल आहे, पण वरून धडधाकट दिसतो म्हणून घरचे आळशी म्हणतात. मन कसं सांभाळू?

मीही एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलसेलचा दोष आलेला, गडचिरोली जिल्ह्यातला. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर बसलो की काका म्हणायचे, "दिसाले तं चांगला आहेस, मंग काऊन बसला?" राग यायचा. शेवटी एकदा त्यांनाच दवाखान्यात सोबत नेलं. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे विळ्यासारखी वाकलेली रक्तातली पेशी काढून दाखवली. ती बारीक नसेत अडकते, म्हणून हाडं ठणकतात. विळा म्हटल्यावर काकांना लगेच कळलं. आता रोवणीत मजुरांचा हिशेब माझ्याकडे.

बाकी पाण्याची बाटली कायम जवळ, थंडीत कान-छाती झाकलेली, ओल्या कपड्यांत राहायचं नाही. फॉलिक अ‍ॅसिड आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर हायड्रॉक्सियुरिया (कळा कमी करणारं औषध) चुकवू नका. ताप, छातीत दुखणं किंवा दम लागला तर घरी तेल चोळत बसू नका, थेट दवाखाना गाठा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा.

"हसत राहा" म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. कळ उठली की मी तर सरळ रडतो, मग झोपतो.