वाचकांचे प्रश्न: तोंडातली न भरणारी जखम

प्रश्न: माझे दीर 38 वर्षांचे आहेत. तंबाखू-चुना मळून डाव्या गालात ठेवायची सवय आहे. तिथेच दीड महिन्यापासून लालसर-पांढरा चट्टा आणि छोटी जखम आहे. दुखत अजिबात नाही. दातांच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलंय, पण सासूबाई म्हणतात, सुरी लागली की कॅन्सर पसरतो. काय करावं? (एक वाचक, जि. बीड)

उत्तर: बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, याच आठवड्यात करून घ्या. तिच्यामुळे कॅन्सर पसरत नाही. सासूबाईंची भीती येते कुठून तेही सांगतो. बरेच जण रोग वाढल्यावरच तपासणीला येतात, रिपोर्टनंतरही महिना-दोन महिने घालवतात, आणि मग सगळा दोष त्या तुकड्यावर जातो.

दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. साधं तोंड येतं तेव्हा झोंबतं आणि दोन आठवड्यांत भरतं. सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखतच नाही. स्वच्छ हात धुऊन बोटाने चाचपा. जखमेचा काठ किंवा बूड कडक लागलं तर काळजीचं. निव्वळ पांढऱ्या चट्ट्यापेक्षा लाल भाग असलेला चट्टा जास्त धोक्याचा. जखमेला लागणारा दात टोकदार असेल तर त्याचं टोक डॉक्टरांकडून घासून घेऊन दोन आठवडे वाट पाहता येते, पण तुमच्याकडे ती मुदत केव्हाच उलटली आहे.

जागेवरच भूल देऊन पाच-सहा मिलिमीटरचा तुकडा घेतात, लागलाच तर एखादा टाका. तुकडा जखमेच्या काठावरचा, लगतच्या निरोगी भागासकट हवा. मधला सडलेला भाग घेतला किंवा फार वरवरचा घेतला, तर रिपोर्टमधून काहीच ठरत नाही. रिपोर्ट ‘कॅन्सर नाही’ आला आणि जखम मात्र तशीच राहिली, तर पुन्हा बायोप्सी करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. आणि कळकळीची विनंती: निदानाआधी कुणालाही अख्खा चट्टा कापू किंवा जाळू देऊ नका. मग रोगाच्या कडा कुठवर होत्या ते पुढच्या सर्जनला कळत नाही. तंबाखू आजच बंद.

प्रश्न: वडिलांना जिभेच्या कडेला दीड सेंटिमीटरची गाठ आहे, बायोप्सीत कॅन्सर निघाला. मानेत काहीच लागत नाही, तरी डॉक्टर मानेचंही ऑपरेशन सांगतात. उगाच तर नाही ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: उगाच नाही. जिभेच्या कॅन्सरमध्ये रुंदीइतकीच खोली महत्त्वाची असते. 2 सेंमीपर्यंत रुंद आणि 5 मिमीपर्यंत खोल असेल, मानेत काही नसेल, तर तो पहिला टप्पा. पण हाताला न लागणारे कॅन्सरचे बारीक कण मानेतल्या लसिका गाठींत (सगळ्यांच्याच मानेत असणाऱ्या छोट्या ग्रंथींत) आधीच पोहोचलेले असू शकतात. मानेच्या ऑपरेशनमध्ये याच गाठी काढतात. सोनोग्राफी, एमआरआयमध्येही ते सुटतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलने हाच प्रश्न घेऊन सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवर अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. मानेचं ऑपरेशन सोबतच झालेल्यांपैकी 80 टक्के तीन वर्षांनी हयात होते. मानेत गाठ दिसल्यावरच ते झालेल्या गटात 67.5 टक्के. खोली अगदी कमी, तीनेक मिलिमीटरच्या आत असेल, तर नुसतं लक्ष ठेवण्याचा विचार होऊ शकतो. म्हणून एमआरआयवर खोली किती दिसते, हे सर्जनना विचारा.

जीभ कापताना गाठीभोवतीचा साधारण 1 सेंमी निरोगी भागही काढतात. एवढ्या लहान गाठीत उरलेली जीभ बहुधा थेट शिवता येते; बोलणं थोडं बदलतं, पण सरावाने सुधारतं. मानेच्या ऑपरेशनमध्ये खांदा उचलणारी नस ताणली जाते, त्यामुळे हात वर करायला त्रास होतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की खांद्याचे व्यायाम लगेच सुरू करा. महिनोन्‌महिने थांबलात तर खांदा आखडतो.

प्रश्न: ऑपरेशननंतर शेक (रेडिएशन) घ्यावेच लागतात का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर: नाही. कडा स्वच्छ, म्हणजे कॅन्सरभोवती सर्व बाजूंनी 5 मिमी किंवा जास्त निरोगी भाग, आणि मानेच्या गाठींत कॅन्सर नसेल, तर पहिल्या टप्प्यात बहुधा ऑपरेशन पुरतं. गरज पडलीच तर साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, आणि सुरुवात ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत व्हायला हवी. खराब दात काढायचे असतील तर शेक सुरू होण्याच्या किमान दोन आठवडे आधी काढून घ्या. नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.