दोन डोंगर, एक सूर्य आणि साठ मुलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनपासून कलाशिक्षक म्हणून लागलात, वर्गात साठ मुलं, आठवड्याला दोन तास, साहित्याला पैसे नाहीत आणि ‘मनाने काहीही काढा’ म्हटलं की साठही चित्रं एकसारखी येतात. मग सर्जनशील म्हणावेत असे कोणते प्रकल्प घेता येतील?

ते एकसारखं चित्र कोणतं हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण लिहायची गरजही नव्हती. दोन टोकदार डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, वळणं घेत येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी, एक नारळाचं झाड आणि आभाळात चारच्या आकड्यासारखे पक्षी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात चोवीस वर्षं चित्रकला शिकवतोय. आमच्या आठवीच्या वर्गाच्या खिडकीतून चंदन-वंदन ही किल्ल्यांची जोडी दिसते. दोन्हींचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट. सह्याद्री लाव्ह्याच्या थरावर थर बसून झालेला, म्हणून आपल्याकडचे डोंगर असे, वर सपाट आणि अंगावर पायऱ्यांसारखे कडे. टोकदार डोंगर इथल्या पोरांनी पाहिलाय तो फक्त कॅलेंडरवर. नारळाचं झाडही आमच्या भागात शोधावं लागतं. दिसतो तो ऊस आणि हळद. म्हणजे खिडकीत दोन खरे डोंगर उभे असताना मुलं वहीत दोन खोटे डोंगर काढत होती, आणि मी पहिली चार-पाच वर्षं त्यांना ‘छान’ असे शेरे देत होतो.

मला उशिरा कळलं ते सांगतो. मुलांना मोकळं सोडलं की ती नवं काही काढत नाहीत, पाठ झालेलं काढतात. आपणही घाईत असलो की पाठ झालेलंच बोलतो, त्यातलाच प्रकार. तेव्हा प्रकल्प ठरवताना मी आता ‘मुलांना काय देऊ’ असा विचार करत नाही. ‘यांच्याकडून काय काढून घेऊ’ असा करतो.

सुरुवात खोडरबरापासून करा, खर्च शून्य. तासाच्या सुरुवातीला साठ खोडरबर एका डब्यात गोळा करायचे. (परत देताना भांडणं होतात, नावं घालून घ्या.) प्रत्येकाने स्वतःच्या पायातली एक चप्पल बाकावर ठेवायची आणि कागदाकडे न बघता, नजर चपलेवरून हळूहळू फिरवत, पेन्सिल न उचलता काढायची. दहा मिनिटं. पहिल्यांदा वर्ग हसून लोळतो, कारण अंगठा एकीकडे आणि टाच भलतीकडेच गेलेली असते. पण नीट बघा: झिजलेली टाच, खिळा मारून जोडलेला पट्टा, शिवणीचे टाके, सगळं कागदावर उतरलेलं असतं. पाठ केलेली चप्पल कुणाकडेच नसते, म्हणून बघावंच लागतं. असे तीन-चार तास झाले की मग मोठ्या कामाला हात घाला.

माझं सगळ्यांत आवडतं मोठं काम म्हणजे मातीचे रंग. हे मी निव्वळ अडचणीतून सुरू केलं. एका वर्षी निम्म्या वर्गाकडे रंगपेटीच नव्हती. मी सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या शेतातली, घरामागची, ओढ्याकाठची अशी मूठमूठ माती वाळवून कागदाच्या पुडीत आणा, पुडीवर जागेचं नाव लिहा. नदीकाठच्या मळ्यातली काळी माती आली. माळावरचा पिवळट मुरूम आला. कुणाच्या आत्याकडून पाचगणीची जांभ्याची लाल माती आली. चुलीतली राख आणि कंदिलाच्या काचेवरची काजळीही आली. दुकानातून मी फक्त गेरू आणला.

करायची पद्धत सोपी आहे, पण एक टप्पा चुकवू नका. माती दगडाने कुटून चहाच्या गाळणीने गाळायची, हे सगळेच करतात. पण तेवढ्याने रंग होत नाही, रेव कागदावर कचकचते. ती बादलीभर पाण्यात कालवून मिनिटभर थांबायचं. जड वाळू तळाशी बसते. वरचं गढूळ पाणी लगेच दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि ते भांडं रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरची निवळी ओतून टाकली की खाली लोण्यासारखा साका उरतो. तोच आपला रंग. त्यात बाभळीचा डिंक, आदल्या दिवशी भिजवून विरघळवलेला. डिंक कमी पडला तर चित्र वाळल्यावर रंग बोटाला लागतो. जास्त झाला तर त्याला भेगा पडून पापुद्रे सुटतात. बेताचं प्रमाण मातीमातीला वेगळं, म्हणून मी आकडा सांगत नाही. गटागटाने पट्ट्या रंगवून बघायला लावतो, त्यात एक तास मजेत जातो. डिंक नाही मिळाला तर पाण्यात थोडा फेविकॉल चालतो.

रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की दोन पायऱ्या फिका पडतो. हे आधी सांगू नका, त्यांचं त्यांना कळू द्या. पांढऱ्यासाठी फळ्याच्या खडूंचे तुकडे कुटून घेतो. चुना मुलांच्या हातात देत नाही, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. पण हळदीच्या पिवळ्या पट्टीवर चुन्याच्या निवळीचा एक थेंब मी स्वतः टाकून दाखवतो. क्षणात लालभडक. कुंकू पूर्वी असंच हळदीपासून करत. वरून लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. त्या दिवशी विज्ञानाच्या बाई आपला तास सोडून आमच्या वर्गात येऊन बसल्या होत्या. फक्त हळदीच्या रंगावर भरवसा ठेवू नका, उन्हात तो लवकर उडतो. भिंतीवर लावलेल्या चित्रातला हळदीचा भाग संक्रांतीपर्यंत गायब झाला होता. माती मात्र अजून जशीच्या तशी आहे.

आता यातली खरी गंमत. मातीत निळा नाही आणि हिरवा नाही. हळद मी पहिल्या चित्राला मुद्दामच देत नाही, त्यामुळे झळझळीत पिवळाही नाही. ‘या मातीने, ही माती जिथून आणली ती जागा काढा,’ एवढंच सांगितलं. दहा मिनिटांनी मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला, ‘सर, सूर्य कशाने काढू?’ मी म्हटलं, नाहीये सूर्य. ‘मग नदी?’ नदीही नाही. तो बराच वेळ तसाच बसून राहिला आणि मग त्याने गोठा काढला. आतून. काळोख, त्यात म्हशीची पाठ, दारातून आलेला मुरमाच्या रंगाचा उजेडाचा पट्टा. त्याच्या घरचं काम तो रोज पहाटे तिथेच करायचा, पण ती जागा ‘चित्रात काढायची’ असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. साठातली चाळीस चित्रं साधारणच होती, हेही सांगून टाकतो. पण त्यात दोन डोंगरांचं एकही नव्हतं.

ब्रशही काढून घेता येतो. बांबूची बारीक काडी टोकाला ठेचली की चांगली लेखणी होते. कागद पातळ असेल तर पाण्याने पोक धरतो, म्हणून लग्नपत्रिकांचे पुठ्ठे गोळा करा. लग्नसराईनंतर घरोघरी ढीग असतो आणि पाठची बाजू कोरी असते.

आता माझी फजिती. दुसऱ्या एका वर्षी मी कागदाच्या लगद्याचे मुखवटे काढले. रद्दी फाडून दोन टब भिजत घातली आणि मध्ये गौरी-गणपतीची सुट्टी आली. परत आलो तेव्हा वास थेट मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत पोचला होता. त्यानंतर काही महिने स्टाफरूममध्ये माझा चहा लांबूनच यायचा. लगदा करायचा तर सलग तीन दिवसांत संपवा, आणि त्यात भिजवलेल्या मेथीची पूड घाला. आपल्या आज्या कागदाच्या टोपल्या करताना मेथी घालत, ती चिकटपणाही देते आणि कसरही लागत नाही. बाईंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात ते ऐकून कुणी तुम्हाला सुचवेल. ते विष आहे, शाळेत नको.

ठशांचं काम पावसाळ्यात छान होतं, कारण माती तेव्हा वाळत नाही. भेंडी-बटाट्याचे ठसे पाचवीला ठीक. आठवीच्या मुलांना त्याचा कंटाळा येतो. त्यांना पुठ्ठ्यावर सुतळी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, बारदान चिकटवून ठसा करायला द्या. ब्लेड लागत नाही, हात कापत नाहीत. इथे रेघच काढून घेतलेली असते, फक्त आकार आणि पोत उरतो. आपलं नाव ठशात घालायला सांगा, पहिल्यांदा सगळ्यांचं उलटं उमटतं आणि मग अक्षरं आरशासारखी उलटी लिहिण्याचा जो खटाटोप चालतो, त्यात अक्षरांच्या गाठी-वेलांट्यांकडे मुलं आयुष्यात पहिल्यांदा बघतात.

वारलीबद्दल तुम्हाला लोक सांगतीलच, म्हणून माझं मत देतो. शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर गेरूचा हात मारून तारपा नाच उतरवायचा, हे मला आता बघवत नाही. दोष वारलीचा नाही. लग्नाच्या वेळी घरातल्या सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्यात पालघट देवी, अशी ती परंपरा; जिव्या सोमा मशे यांनी ती रोजच्या जगण्यातल्या प्रसंगांकडे नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या डोळ्यांसमोरचं काढलं आणि आपण त्यांचं काढलेलं काढतो. म्हणजे पुन्हा दोन डोंगरच, फक्त पांढऱ्या रंगात. वारली घ्यायची तर आधी ती कुणाची, कशासाठी हे सांगा. मग तिची काटकसर तेवढी शिकायला घ्या: एक रंग, दोन त्रिकोणांचं अंग, काड्यांचे हातपाय. आणि त्यात एसटी स्टँडवरची गर्दी किंवा ऊसतोडीची टोळी काढायला सांगा. मोळी डोक्यावर घेतली की कंबर कुठे वाकते, हे दोन त्रिकोणांत बसवणं सोपं नाही.

दिवाळीचा किल्ला मुलं गल्लीत करतातच. मी एकच अट घालतो, बाजारातले मावळे आणि तयार बुरूज बाद. किल्ला खरा असावा, बघून आलेला असावा. चंदन-वंदन केलं तर मधली खिंड दिसली पाहिजे. मावळ्यांच्या जागी आगपेटीच्या काड्या खोचल्या तरी चालतात, अळीव मात्र हवेतच.

मुख्याध्यापक आणि पालक विचारणार, ‘एलिमेंटरी-इंटरमिजिएटचं काय?’ त्यांचं चुकीचं नाही, या सरकारी चित्रकला परीक्षा; त्यातल्या इंटरमिजिएटला ‘ए’ श्रेणी आली की दहावीला ७ गुण वाढीव मिळतात, ‘बी’ला ५ आणि ‘सी’ला ३. त्यांना असं सांगा की चपलेचा सराव वस्तुचित्राला उपयोगी पडतो आणि मातीचं काम स्मरणचित्राला. ते खरंही आहे. भूमितीसाठी मात्र कंपास घेऊन बसण्याला पर्याय नाही, तिथे माझ्याकडे काही युक्ती नाही.

राहिला गणिताचा प्रश्न. चाचणी जवळ आली की गणिताचे सर तुमचा तास मागायला येतील. पहिल्या वर्षी मी दर वेळी दिला. नंतर भिजवलेली माती दाखवून ‘आज सोडला तर वास येईल’ म्हणायला लागलो, लगद्याचा किस्सा सगळ्यांना माहीत असल्यामुळे कुणी वाद घालत नाही.

साठ ओली चित्रं ठेवायची कुठे, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पहिल्याच दिवशी अडाल. खिडकीच्या गजांना सुतळ्या बांधा, कपड्यांचे चिमटे मुलांनाच घरून आणायला सांगा, आणि पंख्याच्या बटणापाशी एक खमका पोरगा उभा करा.