तो कागद त्याला परत द्या

आपले पत्र मी दोनदा वाचले. आपला मुलगा मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असून तीन मित्रांबरोबर स्वतःच्या मेलॉडिक रॉक (चालीवर भर देणाऱ्या रॉक संगीताच्या) बँडचा नऊ गाण्यांचा पहिला अल्बम करतो आहे, आणि त्याने गेट (इंजिनीअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) द्यावी की एमबीएची तयारी करावी, असे आपण विचारले आहे. मला काळजी वाटली ती दुसऱ्याच मजकुराची. स्टुडिओसाठी साठ हजार रुपये देताना, सहा महिन्यांत उत्पन्न सुरू झाले नाही तर गिटार विकीन, असे आपण त्याच्याकडून वहीच्या पानावर लिहून घेतले आणि खाली साक्षीदार म्हणून त्याच्या आईची सही घेतली. स्पष्ट लिहितो, राग मानू नये: पोटच्या मुलाशी असा सावकारी व्यवहार करायला नको होता. ज्या आईजवळ तो मन मोकळे करू शकला असता, तिलाही आपण त्यात ओढले. तो रात्री दोनपर्यंत एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतो, ही आपली तक्रार आहे. पण शेजारच्या खोलीतल्या आजोबांची हाक ऐकू यावी म्हणून तो हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवून ठेवतो, हेही आपणच लिहिले आहे. अशा मुलाला धाकाची गरज नाही.

आपला मुख्य गैरसमज उत्पन्नाविषयी आहे. अल्बम प्रसिद्ध झाला म्हणजे पगारासारखी रक्कम येऊ लागते, असे होत नाही. स्पॉटिफायवर तर 2024 पासून, मागील बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधनच मिळत नाही. नव्या स्वतंत्र बँडसाठी पहिला अल्बम म्हणजे आयोजकांपुढे ठेवायचे काम असते; कमाई झालीच तर ती पुढे कार्यक्रमांतून होते. त्यामुळे सहा महिन्यांची अट त्याला नापास करण्यासाठीच घातल्यासारखी आहे.

त्याने पदवीनंतरचे वर्ष केवळ अल्बमसाठी रिकामे ठेवावे, हेही मला पटत नाही. ड्रम्ससाठी चांगला स्टुडिओ काही दिवस लागतो. गिटारचे बरेचसे काम घरी होऊ शकते. अमेरिकेतील ‘बोस्टन’ या बँडचे टॉम शोल्झ हे तिथल्याच एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकलेले. पोलरॉइड कंपनीतील नोकरी सांभाळून त्यांनी घराच्या तळघरात ध्वनिमुद्रण केले आणि 1976 मध्ये त्यांच्या बँडचा पहिला अल्बम आला. त्या अल्बमला मिळाले तसे यश अपवादानेच मिळते. मला येथे महत्त्वाची वाटते ती त्यांची कामाची पद्धत.

गेटचा स्कोअर तीन वर्षे ग्राह्य असतो, तेव्हा ती परीक्षा त्याने द्यावी. एमबीएचा विचार नोकरीच्या अनुभवानंतर केलेला बरा.

कागद करायचाच असेल तर तो त्या चौघांमध्ये व्हावा. कोणते गीत कोणी लिहिले, चाल कोणाची, ध्वनिमुद्रणाची मालकी कोणाकडे आणि कोणी बँड सोडल्यास त्याचा वाटा किती, हे गाणी प्रसिद्ध होण्यापूर्वी लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. गीत-संगीताचे हक्क आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क कायद्याने वेगवेगळे आहेत, आणि मैत्री आहे म्हणून हे लिहायचे राहून जाते. हा मसुदा करताना आपला व्यवहारातील अनुभव त्याच्या उपयोगी पडेल. त्याआधी वहीचे ते पान त्याच्या हाती द्या, आणि तयार झालेल्या गाण्यांपैकी एक, त्याच्याच खोलीत बसून, पूर्ण ऐका.