हात तुमचाही वर होता

प्रश्न: रत्नागिरीत आमची २५ घरांची सोसायटी आहे. आवारात चेंडू, सायकल, माती-पाण्यात खेळणं मना. २०० रुपये दंड. ९ वर्षांचा मुलगा पूर्वी पावसात गच्चीच्या पाइपाखाली चिऱ्याचे तुकडे रचून बांध घालायचा, करवंट्या लावून पाणी अडवायचा-सोडायचा. आता मोबाइल सोडत नाही. रविवारी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर नेतो. दिवाळीत ठराव आला तेव्हा नवीन गाडी घेतलेली म्हणून यांनीही हात वर केला होता, पण ते असो. सेक्रेटरींना कसं समजवू?
– एक आई

उत्तर: ताई, असो कसं? सेक्रेटरींनी ठराव घरी बसून नाही केला. तुमच्या गाडीला ओरखडा नको म्हणून तुम्ही सगळ्यांनी केलात आणि पावत्या फाडायचं काम तेवढं त्यांच्या गळ्यात घातलंत.

तो बांध कधी जवळून पाहिलात? पाण्याचा जोर वाढला की चिरा सरकतो. फटीत चिखल लिंपावा लागतो, तरी फुटलाच तर बाजूने पाट काढून द्यावा लागतो. पोराला हे कुणी शिकवलं नव्हतं, भिजून भिजून कळलं होतं. रविवारी भाट्याला आई घड्याळ बघत ‘पुरे आता, चल’ म्हणते, त्यात हे येत नाही. त्याला रोजचा अंगणातला वेळ लागतो, आणि मोठ्यांचं लक्ष नसावं लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेत कलम ३१ खेळण्याच्या हक्काचं आहे, भारताने ती १९९२ला स्वीकारली. आपल्या आवारात मात्र हक्क आधी गाड्यांचा!

सेक्रेटरींना काही समजवू नका. ठराव रद्द करण्यासाठी लेखी अर्ज द्या. एक पंचमांश सभासदांनी मागणी केली की महिन्याभरात विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. तुमच्याकडे ५ सह्या पुरतात. झालेला ठराव सहा महिने बदलता येत नाही, पण दिवाळी होऊन तेवढे महिने गेलेत. फ्लॅट यजमानांच्या नावावर असेल तर पहिली सही त्यांची घ्या, आणि सभेत त्यांनाच उभं करा. हात त्यांनीच वर केला होता ना? पहिलं वाक्य त्यांनी हेच बोलायचं: आमच्या गाडीला ओरखडा पडला तरी चालेल.

एवढं बोलायची तयारी नसेल, तर सेक्रेटरींची तक्रार घेऊन मला पुन्हा लिहू नका.