घरात घोरपड शिरल्याचा कॉल आला तर
साप पकडायला शिकलास म्हणून घोरपड जमेलच असं समजू नकोस. न्हाणीघरात शिरलेली घोरपड बहुतेक वेळा उंदीर, झुरळं, अंडी यांच्या मागावर आलेली असते. दार उघडं ठेव, गर्दी हटव. वाट मोकळी असली तर बरेचदा ती स्वतःच निघते. शेपूट ओढायची नाही. शेपटीचा फटका चाबकासारखा बसतो, आणि एकदा का फरशीच्या फटीत नखं रोवली की ओढाताणीत तिचीच नखं मोडतात.

तानाजीच्या यशवंती घोरपडीची गोष्ट कुणीतरी सांगणारच, ऐकून घे. पण ‘फुंकर मारली तरी माणूस मरतो’ हे तिथल्या तिथे खोडून काढ, कारण काठ्या त्यामुळेच उगारल्या जातात. ती फुसकारते, गळा फुगवते. घाबरलेली असते, बस्स. चावली तर मात्र जखम साबणाने धुऊन डॉक्टर गाठायचा.

वारूळ दिसलं तर तिथे खणाखणी होऊ देऊ नकोस, मादी कधी कधी त्यातच अंडी घालते.

आता खरं दुखणं. पूजेच्या दुकानात ‘हाथाजोडी’ नावाची मुळी मिळते ना? जोडलेल्या हातांसारखी दिसणारी ती वस्तू म्हणजे नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय. शेंदरात बुडवून विकतात. घोरपड 1972च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1मध्ये आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. दुकानदाराशी हुज्जत घालू नकोस, 1926 या हेल्पलाइनवर वनविभागाला कळव. आणि पकडलेल्या घोरपडीबरोबर सेल्फी? अजिबात नाही.